लोटन, स्पायडर आणि आपला शौक

आपल्याकडे ‘शौक’ या शब्दाला भलताच मान आहे. एखाद्यानं कर्ज काढून धंदा टाकला तर चार जण चौकशी करतात, हिशेब विचारतात. त्यानंच कर्ज काढून गच्चीवर कबुतरांचा खोपा बांधला, तर ‘शौकीन आदमी है’ म्हणून सगळे गप्प. बकरी ईदच्या बकऱ्याचं तेच, पिंजऱ्यातल्या पोपटाचं तेच. शौक म्हटलं की सवाल संपले.

या यादीत आता साप आला आहे. भिवंडीत आणि आमच्या शेलारच्या बाजूला तरुण पोरांच्या मोबाईलमध्ये पिवळे, पांढरे, नारिंगी ठिपक्यांचे अजगर फिरतात. बॉल पायथन त्याचं नाव. आफ्रिकेतला, घाना-टोगो-बेनिनकडचा, बिनविषारी, घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं आत लपवणारा साप. काही पोरांना तो नुसता बघायचा नाही, पाळायचा आहे. काहींना त्याच्या पुढे जाऊन पैदास करायची आहे. ‘सर, कोणती जोडी लावली तर सगळ्यात भारी पिल्लं निघतील?’ हा प्रश्न मला, म्हणजे उर्दू-मराठी शिकवणाऱ्या माणसाला, विचारला जातो. कारण आमच्याकडे शिकलेला माणूस म्हणजे सगळ्यातलं कळणारा माणूस, असा एक गोड गैरसमज आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ‘कोणती जोडी’ हा दुसरा प्रश्न आहे. ‘कशासाठी’ हा पहिला. पहिल्याचं उत्तर फक्त ‘रंग’ आणि ‘भाव’ असेल, तर ती पैदास करू नये. साप असो, कबुतर असो की कुर्बानीचा बकरा असो. या म्हणण्याला दोन्ही बाजूंनी शिव्या पडतील हे मला ठाऊक आहे. शौकीन म्हणतील, मास्तर आमच्या पोटावर पाय देतो. आणि काही बुजुर्ग म्हणतील, सापाचं नाव काढलं तेव्हाच तौबा करायची होती, एवढं लिहिलंस कशाला? त्यांना एवढंच सांगतो की किळस म्हणजे दलील नव्हे. किळस वाटली म्हणून पोरगं थांबत नाही. ते फक्त घरच्यांपासून डबा लपवून ठेवतं.

कायद्याचं थोडक्यात. आपल्या मातीतला कुठलाही साप, म्हणजे अजगर, धामण, नाग, पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. त्यात ‘पण आम्ही चांगलं सांभाळतो’ ही पळवाट नाही. परदेशी सापांचं आधी गोलमाल होतं. जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं सल्लापत्रक काढून अशी जनावरं बाळगणाऱ्यांना आपणहून कळवायला सांगितलं. मग २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. आता बॉल पायथनसारखा आंतरराष्ट्रीय यादीतला प्राणी घरात असेल तर परिवेश पोर्टलवर त्याची नोंद लागते. तो दुसऱ्याला दिला तर नोंद, मेला तर नोंद, पिल्लं झाली तर नोंद. किती जण करतात, हे शौकिनांनी एकमेकांना विचारावं. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटं आणि केकच्या पुड्यांत नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक निघाले. ज्याला ‘इम्पोर्टेड ब्लडलाइन’ म्हणतात, त्यातलं काही रक्त असं बिस्किटाच्या पुड्यातून येतं.

पण कायदा बाजूला ठेवू. समजा सगळे कागद चोख आहेत. तरीही प्रश्न उरतो, आणि तो मेंडेलच्या वाटाण्यातच आहे.

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात तो वाटाणा आहे. उंच आणि बुटक्या झाडांचा संकर, पहिल्या पिढीत सगळी उंच, दुसऱ्या पिढीत तीनास एक. पोरं ते पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. सापाच्या बाजारात मात्र तेच गणित नोटांमध्ये मोजलं जातं. बाजार प्रत्येक रंगरूपाला ‘मॉर्फ’ म्हणतो. काही मॉर्फ अप्रभावी जनुकाचे असतात, उदाहरणार्थ अल्बिनो किंवा पांढऱ्या पट्ट्यांचा पाइड. आईकडून एक आणि बापाकडून एक अशी दोन्ही जनुकं मिळाली तरच रंग दिसतो. एकच मिळालं तर पिल्लू दिसायला साधं तपकिरी, पण आत रंग लपवून बसलेलं. त्याला बाजारात ‘हेट’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारचे मॉर्फ, जसा पेस्टल, एकाच जनुकानं दिसतात आणि दोन मिळाली तर आणखी गडद होतात.

आता हौशी माणूस एका रंगावर थांबत नाही. त्याला अल्बिनोही हवा आणि पाइडही हवा, एकाच अंगावर. त्यासाठी दोन्ही जनुकं लपवून बसलेली नर-मादी त्यानं जोडली, तर हवं ते पिल्लू निघण्याची शक्यता सोळात एक. बॉल पायथनची मादी एका वेळी साधारण सहा अंडी घालते. सहा अंड्यांत निदान एक तरी ‘ते’ पिल्लू निघण्याची शक्यता जेमतेम बत्तीस टक्के. तीन अप्रभावी रंग एकत्र करायचे असतील तर चौसष्टात एक, आणि सहा अंड्यांमागे नऊ टक्के. मादी वयात यायला तीनेक वर्षं लागतात, आणि दर वर्षी ती अंडी देईलच असंही नाही.

मोबाईलमध्ये दिसतं ते सोळातलं एक. माझा सवाल उरलेल्या पंधरांचा आहे.

ती पंधरा पिल्लं जिवंत असतात. प्रत्येकाला वेगळा डबा लागतो, उब लागते, उंदीर लागतो. बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं सहज जगतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीनं २०२० मध्ये, वयाच्या साठीनंतर, नराशिवाय अंडी घातली होती. म्हणजे आज विशीतल्या पोरानं काढलेलं ‘फालतू’ पिल्लू त्याच्या निकाहात, त्याच्या पोरांच्या बारशा-अकीक्यात आणि कदाचित पोरांच्या दहावीच्या निकालातही हजर असणार आहे. दोन खोल्यांच्या घरात, जिथे लाइट गेली की पंखा बंद आणि डब्यातली उबही बंद, तिथे हे पंधरा कुठे ठेवणार? उत्तर ठरलेलं असतं: स्वस्तात कुणालाही द्यायची. आणि ‘कुणालाही’ म्हणजे आणखी लहान पोराला, ज्याला सापाचं काहीच कळत नाही. नाहीतर सोडून द्यायची. आफ्रिकेतला साप ठाण्याच्या रानात सोडणं म्हणजे त्याची दया करणं नव्हे. एक तर तो मरतो, किंवा आपल्याबरोबर आणलेला आजार इथल्या सापांना देऊन मरतो.

गंमत अशी की या पंधरांनाही बाजारानं नावं दिली आहेत. हेटशी हेट जोडून निघालेल्या साध्या दिसणाऱ्या पिल्लांपैकी तीनातली दोन रंग लपवून असतात, एक नसतं. कोणतं ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून तिघांनाही ‘सहासष्ट टक्के हेट’ म्हणून विकतात. घेणारा टक्केवारीचे पैसे मोजतो. तीन वर्षं सांभाळून, जोडी लावून, अंडी उबवून झाल्यावर त्याला कळतं की आपल्या हातात रंग होता की नुसता आकडा.

इथे मला आपल्या फिकहमधली एक जुनी गोष्ट आठवते. मी मुफ्ती नाही आणि फतवा देत नाही. पण हदीसच्या किताबांत, बुखारीतसुद्धा, इस्लामपूर्व अरबांच्या एका व्यवहाराची मनाई आहे: गाभण सांडणीच्या पोटातल्या पिल्लाला पुढे जे पिल्लू होईल, त्याच्यावर आज सौदा करणं. ‘हबलुल हबला’ म्हणतात त्याला. उलमांनी त्याचं कारण गरर सांगितलं आहे. म्हणजे जी चीज अस्तित्वात आहे की नाही हेच ठाऊक नाही, तिची किंमत घेणं, आणि त्या अंधारात एकाचं नुकसान ठरलेलं असणं. मला कुणी सांगावं, ‘सहासष्ट टक्के हेट’चा सौदा यापेक्षा कितीसा वेगळा आहे? साप हातात आहे हे खरं. पण पैसे सापाचे नाहीत. त्याच्या पोटी पुढे कधीतरी होणाऱ्या पिल्लाच्या रंगाचे आहेत. साध्या सापाचा भाव आणि त्याचा भाव यांतला फरक हाच तर त्या न जन्मलेल्या पिल्लाचा भाव. ज्या तरुणांना बँकेचं व्याज चुकवायला दहा ठिकाणी फिरणं जमतं, त्यांनी हा सौदाही एकदा आलिमासमोर उघडपणे मांडावा. ‘साप विकला’ असं अर्धवट सांगू नये, टक्क्यांसकट सांगावं.

आता ऐबाची गोष्ट. हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे, म्हणून जरा सविस्तर.

बॉल पायथनमध्ये ‘स्पायडर’ नावाचा एक मॉर्फ आहे. अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेघा. १९९९ साली अमेरिकेत त्याची पहिली पैदास झाली आणि जगभर त्यावर उड्या पडल्या, कारण जनुक एकच पुरतं आणि निम्मी पिल्लं तशीच निघतात. धंद्याला याहून सोयीचं काय? पण त्या रेघांबरोबर आणखी एक गोष्ट येते. स्पायडरचं डोकं डोलतं. कुणाचं थोडं, कुणाचं इतकं की साप उलटा होतो, मान पिळतो, उंदरावर झडप घालताना नेम चुकतो. वर काय आणि खाली काय याचा त्याला अंदाज राहत नाही. बाजारात याला ‘वॉबल’ म्हणतात, जणू काही गोड लाडिक सवय आहे. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी अशा सापांच्या डोक्याचे बारीक स्कॅन काढले तेव्हा तोल सांभाळणारा आतल्या कानाचा भागच बिघडलेल्या घडणीचा दिसला.

वीस-पंचवीस वर्षं पैदासवाले सांगत आले की चांगल्या रक्ताशी जोडत गेलो की डोलणं जाईल. गेलेलं नाही. कारण रेघा आणि डोलणं एकमेकांपासून सुटतच नाहीत. रेघा ठेवल्या की डोलणं आलंच. दोन स्पायडर एकमेकांशी जोडू नयेत, हे तर धंद्यातलेच लोक एकमेकांना बजावतात. इंग्लंडच्या इंटरनॅशनल हर्पेटोलॉजिकल सोसायटीनं आपल्या मेळ्यांत स्पायडर विकायला बंदी केली. आपल्याकडे मात्र व्हिडिओखाली अजून ‘माशाल्लाह’ लिहिलेलं दिसतं.

आणि हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे म्हणून हात झटकू नका. हा प्रयोग आपण त्यांच्या चारशे वर्षं आधी करून बसलो आहोत. जुन्या कबुतरबाजांना लोटन माहीत असेल. हातात घेऊन जरा हलवून जमिनीवर ठेवलं की कोलांट्या घेत लोळत सुटणारं कबुतर. आईन-ए-अकबरीत अबुल फजलनं त्याचा उल्लेख केला आहे. डार्विननं १८६८ च्या आपल्या पुस्तकात हिंदुस्थानातल्या या लोटनबद्दल लिहिलं, की त्याला उचलून शांत केलं नाही तर ते लोळत लोळत मरूही शकतं. ज्या पाखराला अल्लाहनं हवेत तोल सांभाळायला पंख दिले, त्याला आम्ही पिढ्यान्पिढ्या निवडून निवडून असं केलं की ते जमिनीवरही उभं राहू शकत नाही. आणि भोवती जमून टाळ्या वाजवल्या. लोटन आणि स्पायडर एकाच कारखान्यातला माल आहे. मेंदूचा किंवा कानाचा बिघाड, त्याला दिलेलं एक सुंदर नाव, आणि बघ्यांची गर्दी.

पैदासीची आपली परंपरा काही अशीतशी नाही, हेही सांगायला हवं. जाहिझनं नवव्या शतकात ‘किताबुल हैवान’मध्ये कबुतरांच्या वंशावळी, त्यांची पारख आणि त्यांचे चढे भाव यांबद्दल लिहिलं. बाबरचा बाप उमर शेख मिर्झा १४९४ मध्ये मेला तो कबुतरखान्यासकट दरीत कोसळून. शौक माणसाला कुठपर्यंत नेतो याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. अकबर कबुतरबाजीला ‘इश्कबाजी’ म्हणायचा. वेगवेगळ्या नस्ली एकमेकांशी जोडून त्यानं कबुतरं सुधारली असं अबुल फजल लिहितो, आणि डार्विननं १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीसीज’च्या पहिल्याच प्रकरणात अकबराच्या वीस हजारांवर कबुतरांचा दाखला दिला. उत्क्रांतीचं नाव काढलं की कानावर हात ठेवणाऱ्या आपल्या काही मित्रांना हे सहसा कुणी सांगत नाही: तो सिद्धांत मांडताना डार्विनच्या टेबलावर आपल्या बादशहाच्या कबुतरांची नोंद होती.

म्हणून मी सरसकट ‘ही खुदाच्या निर्मितीत ढवळाढवळ आहे’ असं म्हणणाऱ्यांत नाही. सूरह निसामध्ये सैतानाच्या धमकीचा जो उल्लेख आहे, जनावरांचे कान कापण्याचा आणि अल्लाहची निर्मिती बदलण्याचा, तो काही जण प्रत्येक पैदासीवर लावतात. तो तसा लावला तर अरबी घोडाही गेला, दुधाची म्हैसही गेली आणि आपल्या ताटातला भातही गेला. माणूस जनावर निवडत आला आहे आणि निवडणार. प्रश्न निवडीच्या मकसदचा आहे.

आता शौकिनांची नेहमीची उत्तरं. पहिलं: ‘साप खातो, पितो, जोडी लावतो, त्याला त्रास असता तर खाल्लं असतं का?’ अहो, माणूसही खातो. पोटदुखीनं हैराण असलेला लूमवर बारा तास उभा राहणारा कामगारही जेवतो, आणि त्याला मुलंही होतात. जेवणं हा सुखाचा पुरावा नाही, जगण्याची गरज आहे. दुसरं: ‘आम्ही घरी पैदास करतो म्हणून जंगलातले साप वाचतात.’ ऐकायला छान आहे. पण पहिला स्पायडर आफ्रिकेच्या रानातूनच पकडून आणलेला होता. आणि घाना, टोगो, बेनिनमधून आजही गाभण माद्या आणि अंडी रानातून गोळा करून पिल्लं परदेशी पाठवण्याचा धंदा चालतो. हा साप आता ‘धोक्याजवळ’ या गटात मोजला जातो. तिसरं उत्तर मला जास्त बोचतं: ‘आम्हाला सापांवर प्रेम आहे.’ असेल. पण शेलारच्या आसपास पावसाळ्यात भाताच्या खाचरातून, गोदामांच्या मागून धामण निघते, तेव्हा काठी घेऊन धावणाऱ्यांत हेच प्रेमी का दिसतात? धामण फुकटात उंदीर खाते. भिवंडीच्या गोदामांत उंदरांची कमी नाही. आपल्या दारातला फुकटचा, बिनविषारी, कामाचा साप ठेचायचा आणि हजारो मैलांवरचा, तोल गेलेला, रंगीत साप डब्यात ठेवून त्याला विकतचा उंदीर घालायचा, याला प्रेम म्हणत नाहीत. ज्याला खरंच सापाचं वेड आहे त्यानं एखाद्या जाणत्या, वनखात्याकडे नोंद असलेल्या सर्पमित्राच्या मागे फिरावं. पुण्याला कात्रजचं सर्पोद्यान आहे. परळच्या हाफकिनमध्ये सापाच्या विषाचं काम वर्षानुवर्षं चालत आलं आहे, त्याच विषापासून सर्पदंशावरची लस बनते. तिथे साप ठेवण्याला मकसद आहे.

साप पाळणारे मूठभर आहेत. त्यांना झोडपून टाळ्या मिळवणं सोपं, कारण सापाबद्दल कुणाला माया नाही. म्हणून आता बकऱ्याकडे येतो. तिथे आपण सगळेच आहोत.

बकरी ईदच्या दोन महिने आधीपासून आपल्या भागातल्या फार्मांवर जत्रा भरते. कोटा, सिरोही, जमनापारी, बीटल, तोतापरी, हैदराबादी. बोर्डावर वजन लिहिलेलं, बकऱ्याच्या गळ्यात माळ, शेजारी नाव, बहुधा एखाद्या सिनेनटाचं. पांढराशुभ्र अंगरंग आणि गुलाबी कातडी असेल तर एक भाव. कान गुडघ्यापर्यंत लोंबत असतील तर दुसरा. आणि तोंड पोपटासारखं वळलेलं असेल तर विचारूच नका. दर वर्षी नाक जरा आणखी वळलेलं, कान जरा आणखी लांब, जबडा जरा आणखी वाकडा हवा असतो. काही बकऱ्यांत खालचा जबडा इतका पुढे आलेला असतो की दात वरच्या हिरडीला टेकतच नाहीत. असं जनावर झुडपाचा पाला ओरबाडू शकत नाही. त्याला हातानं भरवावं लागतं. मालक ते कौतुकानं सांगतो, ‘फक्त हातानंच खातो, नवाब आहे.’ नवाब नव्हे हो, अपंग आहे. तुम्ही त्याच्या बापाला आणि आजोबाला त्याच वाकड्या तोंडासाठी निवडलंत म्हणून.

कुर्बानीच्या जनावरात चार उघड ऐब चालत नाहीत: डोळा गेलेला, आजारी, लंगडा, आणि हाडातला मगज संपेल इतका रोड. हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक असतं. दात मोजताना, कान तपासताना आपण किती काटेकोर असतो! कान फाटला असेल तर मौलानांना फोन जातो. आणि जो ऐब आपण पैसे देऊन, पिढ्या मोजून, मुद्दाम तयार केला, त्याला मात्र जास्त भाव. वाकडा जबडा मसल्यात कुठे बसतो ते उलमांनी सांगावं, मी त्यात पडत नाही. पण बिनऐब जनावर द्यावं या हुकुमामागची भावना कळायला मुफ्ती व्हावं लागत नाही. आपल्यातलं उत्तम द्यायचं आहे. उत्तम म्हणजे काय हे आता व्हिडिओचे व्ह्यू ठरवतात का?

याच्यात जे बुडतं ते दिसत नाही. महाराष्ट्राची स्वतःची बकरी आहे. धाराशिव, लातूर, सोलापूरकडची उस्मानाबादी: बहुतेक काळी, अंगानं मध्यम, कोरड्या मुलखात काटेरी झुडपांवर जगणारी, आणि जुळी करडं देण्यात नावाजलेली. नगर-नाशिककडची संगमनेरी. गरीब बाईच्या दारात जी बकरी उभी असते ती ही. तिला ना लोंबते कान, ना पोपटाचं नाक. त्यामुळे फार्मवर तिला विचारत नाहीत, आणि गावात कुणीतरी हौसेनं आणलेला लांब कानांचा बोकड तिच्यावर सोडतात. करडं दिसायला उंच निघतात, ईदला जास्त पैसे येतात. आणि दोन-तीन पिढ्यांनी कळतं की जुळी कमी झाली, औषधपाण्याचा खर्च वाढला आणि उन्हाळ्यात जनावर तग धरत नाही. तोवर गावातला मूळचा बोकड कुठल्यातरी ईदला कापून झालेला असतो. आणखी एक गोष्ट. बोकड लावण्याचं भाडं घेण्याची हदीसमध्ये मनाई आहे. हनफी आणि शाफई दोन्हीकडे, म्हणजे भिवंडीतल्या मोमिनांकडे आणि कोकण्यांकडे, तो मसला एकच आहे. देणाऱ्यानं खुशीनं बक्षीस द्यावं, भाडं ठरवू नये. तरी ‘सर्व्हिस’चे दर फार्मच्या पाटीवर रंगवलेले असतात, वर बिस्मिल्लाह लिहून.

मकसद ठरवून पैदास कशी करतात हे बघायला अमेरिकेला जायला नको. साताऱ्यात फलटणला जा. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं, जी १९६८ मध्ये सुरू झाली, आधी धनगरांची अडचण पाहिली. दख्खनी मेंढी एका वेतात बहुधा एकच कोकरू देते, आणि चराईचं रान कमी होत चाललं. मेंढ्या वाढवता येत नाहीत. मग मेंढीमागे कोकरं वाढवावी लागतील. सुंदरबनात गॅरोल नावाची इवलीशी मेंढी आहे, जेमतेम दहा-पंधरा किलोची, पण दोन-तीन कोकरं देणारी. त्यामागे एक जनुक आहे, फेक-बी. ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनोतही तेच जनुक सापडलं, कारण अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून काही मेंढ्या तिकडे गेल्या होत्या. फलटणच्या लोकांनी गॅरोलचं ते एक जनुक दख्खनीत आणलं, आणि बाकी सगळी दख्खनीच राहील अशा बेतानं पुन्हा पुन्हा दख्खनीशी संकर केला. आकार तोच, काटकपणा तोच, कोकरं मात्र दोन. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या मदतीनं रक्त तपासून कोणात जनुक आहे ते ओळखलं. त्या मेंढीचं नाव नारी सुवर्णा.

या कामात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. एक, ते जनुक डोळ्यांना दिसत नाही. मेंढी दिसायला धनगराच्या बाकीच्या मेंढ्यांसारखीच. व्हिडिओ काढण्यासारखं त्यात काही नाही. दुसरं, त्यांना हवी होती ती दोन कोकरं; चार नव्हे. कारण चार झाली तर आईचं दूध पुरत नाही, कोकरं अशक्त निघतात आणि मरतात. कुठे थांबायचं, हे सुरुवातीलाच मोजलं होतं. स्पायडरवाल्यानं आणि तोतापरीवाल्यानं हेच कधी मोजलं नाही. त्यांच्या शौकाला थांबण्याची खूणच नाही. आणखी पिवळा, आणखी वाकडा, आणखी लांब.

तर ज्या पोरांना अजूनही ‘कोणती जोडी’ विचारायची आहे, त्यांनी आधी एका वहीत लिहावं. सापाचं असेल तर: परिवेशवरची नोंद कुठे आहे, या जोडीतून निघणारी सगळी, सगळीच्या सगळी पिल्लं पुढची वीस वर्षं कुणाच्या घरी असतील, आणि या रंगाबरोबर कोणता ऐब येतो. हे तीन रकाने भरता आले नाहीत तर नर एका डब्यात आणि मादी दुसऱ्या डब्यात राहू द्यावी. आहे तो साप मरेपर्यंत नीट सांभाळणं एवढाच शौक पुरेसा आहे, आणि तोही काही सोपा नाही.

बकऱ्यांच्या फार्मवाल्यांना माझं मागणं याहून सोपं आहे. बोर्डावर वजन लिहिता, उंची लिहिता, बापाचं नाव लिहिता. त्याच्या खाली एक ओळ आईची लिहा: किती वेतं झाली, दर वेताला किती करडं, त्यातली किती जगली, आणि ती स्वतः चरून खाते की हातानं भरवावं लागतं. येत्या ईदला मी बकरा बघायला येईन तेव्हा हीच ओळ आधी वाचणार आहे, आणि माझ्याबरोबर येणाऱ्या चार-पाच शिक्षकांनाही वाचायला लावणार आहे. ती ओळ कोरी असेल तर आम्ही मुकाट्यानं पुढच्या खुंट्याकडे जाऊ. तिथे काळी, साध्या कानांची उस्मानाबादी बांधलेली असली तर उत्तमच.